सांडपाण्याचा रंग आणि खर्चाचा हिशेब

जुनाट दुखण्यावर घरगुती औषध सापडल्याची वार्ता ऐकायला नेहमीच गोड वाटते. कापड रंगविणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याबाबत सध्या काहीसे तसेच घडत आहे. शेवग्याचे बी, चिंचोके, नारळाची करवंटी, उसाचे चिपाड, भाताचे तूस, केळीची साल, कडुलिंबाचा पाला अशा वस्तूंनी रंगीत पाणी निवळते, असे सांगणारे शोधनिबंध आपल्या विद्यापीठांतून सातत्याने प्रसिद्ध होत असतात. त्यांतील एखाद्याची बातमी वृत्तपत्रात झळकते आणि वाचणाऱ्याचा सहज समज होतो की, प्रश्न सुटला. आता फक्त शासनाने मनावर घ्यायचे राहिले आहे. हे संशोधन खोटे नाही. त्यामागील परिश्रमही खरे आहेत. परंतु परीक्षानळीतील पाणी निवळणे आणि नदीचे पाणी निवळणे यांत जे अंतर आहे, ते केवळ रसायनशास्त्राचे नाही; ते प्रामुख्याने अर्थशास्त्राचे आहे. या अंतराचा विचार न करता केवळ आशेवर विसंबून राहिलो, तर त्याची किंमत नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना मोजावी लागेल, आणि ती ते आजही मोजतच आहेत.

काळ्या ओढ्याचे गाव

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या गावात यंत्रमाग आला आणि पुढे ज्याला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याची प्रथा पडली, त्या इचलकरंजीचेच उदाहरण पाहावे. माग आले, त्यापाठोपाठ सुताला खळ लावणारी सायझिंग आली, आणि कापड धुऊन, विरंजन करून, रंगवून देणारे प्रोसेसचे कारखाने आले. हजारो कुटुंबांना या धंद्याने अन्न दिले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण गावातून पंचगंगेकडे वाहणाऱ्या एका ओढ्याला लोक काळा ओढा म्हणतात, हीही गोष्ट तितकीच बोलकी आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून सिद्ध झालेली पंचगंगा कोल्हापूर शहराचे मैलापाणी आणि वाटेवरच्या कारखान्यांचे सांडपाणी घेऊन येथवर येते, येथे रंगाची भर घेते आणि शिरोळ तालुक्यातून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते.

परिणाम असा की, उशाशी नदी असताना या नगराला पिण्याच्या पाण्यासाठी कृष्णेकडे जावे लागले. पुढे वारणेतून पाणी आणण्याची योजना निघाली, तेव्हा दानोळीच्या ग्रामस्थांनी विरोध केला. नंतर सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी आणण्याचे ठरले, तेव्हा कागल भागातून विरोध झाला. आपल्या नदीचे पाणी दुसऱ्या गावाने का न्यावे, असा त्या गावांचा प्रश्न असतो, आणि आम्ही तहानलेले का राहावे, असा इचलकरंजीच्या सामान्य नागरिकाचा असतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी समजण्यासारखे आहे. पण या भांडणात एक पक्ष गैरहजर असतो. ज्यांनी नदी वापरली आणि वापरून झाल्यावर तशीच सोडून दिली, त्यांच्या हिशेबात या योजनांचा एक पैसाही खर्च म्हणून धरलेला नसतो.

न्यायाने एवढेही सांगितले पाहिजे की, पंचगंगेचे सारे पाप रंगाऱ्यांच्या माथी मारणे बरोबर नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची भीषण साथ आली, ती रंगामुळे नव्हे, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यामुळे. शिरोळमधील जमिनी क्षारपड होण्यास उसाला दिलेले बेसुमार पाणीही कारण आहे. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून तो आरोपीच्या पिंजऱ्यात आधी उभा राहतो. मैला आणि क्षार दिसत नाहीत, म्हणून ते सुटतात. दिसणाऱ्या दोषावरच उपाय शोधण्याची ही वृत्ती पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

निवळीपासून शेवग्यापर्यंत

वनस्पतीने पाणी स्वच्छ करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. निवळीचे बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासून गढूळ पाणी स्वच्छ करण्याची रीत फार जुनी आहे. हिलाच संस्कृतात कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेत पाणी निवळविणाऱ्या द्रव्यांत तिचा उल्लेख आहे आणि मनुस्मृतीने तर तिचा दृष्टान्त दिला आहे: कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने ते होत नाही. आजच्या चर्चेला हा इशारा चांगलाच लागू पडतो.

आफ्रिकेत सुदानमधील स्त्रिया नाईलचे गढूळ पाणी अशाच बियांनी निवळवीत. त्यात शेवग्याचे बी विशेष गुणकारी ठरले. १९९० च्या दशकाच्या आरंभी मलावीतील थ्योलो येथे शेवग्याच्या बियांनी पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले. या बियांतील प्रथिनावर धन विद्युतभार असतो. पाण्यातील ऋणभारित कण त्याकडे ओढले जातात, त्यांच्या गुठळ्या बनतात आणि साका तळाशी बसतो. आपण तुरटी फिरवितो, तेव्हा जे घडते त्याच जातीची ही क्रिया आहे. बियांतून तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीतही हा गुण टिकून राहतो, ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची बाब होय.

दुसरी रीत अधिशोषणाची. तूस, भुसा, चिपाड यांच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. रंगाचे रेणू त्यांना चिकटून बसतात. हेच पदार्थ हवेचा संपर्क टाळून जाळले आणि त्यांचा सक्रिय कोळसा केला, तर ही शक्ती कित्येक पटींनी वाढते. करवंटीचा कोळसा या कामी जगभर मान्यता पावलेला आहे. तिसरी रीत जिवंत वनस्पतींची. त्यांच्या मुळांशी असलेली विकरे आणि तेथे वाढणारे जीवाणू रंगाचे रेणू तोडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी झेंडू, गलांडा यांसारख्या फुलझाडांवर या दिशेने काम केले आहे, ही आपल्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

प्रयोगशाळेचा रंग आणि बाजाराचा रंग

मग अडते कोठे? पहिली अडचण रंगाच्या जातीची आहे. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून पहिला कृत्रिम रंग बनविला, त्यानंतर शंभर वर्षांनी, म्हणजे १९५६ मध्ये, कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. आज सुती कापडाला मुख्यतः हेच रंग लागतात. ते पक्के असतात, झळाळतात. पण रंगाच्या हौदात टाकलेला सगळा रंग धाग्याला लागत नाही. त्यातील दहा टक्क्यांपासून काही वेळा चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंतचा भाग पाण्यातच राहतो आणि धुण्याबरोबर वाहून जातो.

हे रंग पाण्यात ऋणभारित असतात. तूस, भुसा, चिपाड यांचा पृष्ठभागही साधारणतः ऋणभारितच असतो. एकाच भाराच्या दोन वस्तू परस्परांना दूर लोटतात, हे शाळेतील विद्यार्थीही सांगेल. पण शोधनिबंध चाळले, तर फार मोठ्या संख्येने प्रयोग मेथिलीन ब्लूसारख्या धनभारित रंगांवर झालेले दिसतात; कारण तो सहज मिळतो, सहज मोजता येतो आणि तुसाला चटकन चिकटतो. नव्वद-पंचाण्णव टक्के रंग गेला, असे आकडे तेथून येतात. प्रोसेसच्या गटारात मात्र रिॲक्टिव्ह रंग असतो, त्यासोबत मीठ, सोडा, खळ, साबण आणि उष्णता असते. प्रयोगशाळेतील एका रंगाचे शुद्ध द्रावण आणि गटारातील हे पंचामृत यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरी अडचण मिठाची. रिॲक्टिव्ह रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी हौदात मीठ घालावे लागते. गडद छटेला लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम वा त्याहूनही अधिक. हे मीठ कापडात राहत नाही, जवळजवळ सगळे पाण्यात जाते. शेवगा, तूस, कोळसा यांपैकी कोणीही ते काढू शकत नाही. म्हणजे वनस्पतीचा उपाय पूर्ण यशस्वी झाला, तरी ओढ्याचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसेल आणि तरीही शेताला लागल्यास जमिनीचा पोत बिघडवील. रंगीत पाणी पाहून शेतकरी निदान मोटार बंद तरी करतो. रंगहीन खारे पाणी तो विश्वासाने पिकाला देईल. रंग जाणे म्हणजे विष जाणे, असेही समजू नये. काही ॲझो रंग जीवाणूंनी अर्धवट तोडले, तर रंग नाहीसा होतो, पण मागे उरणारी अमाइन द्रव्ये मूळ रंगापेक्षा अधिक घातक असू शकतात. अशाच भीतीपोटी १९९० च्या दशकात जर्मनीने आणि आपल्या देशानेही अनेक ॲझो रंगांवर बंदी घातली होती.

चार आण्यांचा प्रश्न

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. पण प्रमाण समजण्यास ते पुरेसे आहेत. एका गावातील रंगकामाचे सांडपाणी रोज एक कोटी लिटर आहे आणि त्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅम रंग आहे, असे समजा. म्हणजे रोज एक टन रंग वाहून जातो. एक किलो वनस्पतिजन्य भुकटी पन्नास ग्रॅम रंग धरते असे मानले, तर रोज वीस टन कोरडी भुकटी लागेल. वर्षाचे तीनशे दिवस काम धरल्यास सहा हजार टन. भिजल्यावर या मालाचे वजन तिप्पट-चौपट होईल. म्हणजे रोज साठ ते ऐंशी टन रंगीत लगदा उचलून कोठे तरी टाकावा लागेल. तो शेतात टाकता येणार नाही, कारण त्यात रंग आहे. उघड्यावर टाकला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा ओढ्यातच येईल. कचरा पाण्यातून काढून जमिनीवर ठेवणे याला शुद्धीकरण म्हणता येत नाही. ते केवळ स्थलांतर होय.

जमवून, वाळवून, दळून आणलेल्या भुकटीचा खर्च किलोला दहा रुपये धरला, तर रोजचा खर्च दोन लाख रुपये होतो, म्हणजे लिटरला दोन पैसे. एक किलो कापड रंगविण्यास शंभर लिटर पाणी लागते असे मानल्यास किलोमागे दोन रुपये. आणि एका किलोत हलके कापड आठ मीटर भरते असे धरल्यास मीटरमागे चार आणे. लगद्याची विल्हेवाट आणि मीठ वेगळे करण्याचा खर्च यावर पुन्हा वेगळा.

ग्राहकाच्या दृष्टीने चार आणे म्हणजे काहीच नाही. सदरा घेताना दुकानदाराशी आपण याहून अधिक घासाघीस करतो. परंतु प्रोसेसवाला कापड विकत नाही. तो दुसऱ्याचे कापड मजुरीवर रंगवून देतो. त्याचा दर मीटरवर ठरतो आणि स्पर्धा पैशापैशाची असते. एकाने चार आणे अधिक मागितले, तर व्यापारी माल शेजारच्या कारखान्यात नेतो. एका गावाने मागितले, तर दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या राज्यात नेतो. प्रामाणिकपणे शुद्धीकरण करणारा कारखानदार बाजारातून बाहेर फेकला जातो आणि रात्री नळ सोडणारा टिकतो. प्रश्न चार आण्यांचा असूनही तो अनेक दशके सुटत नाही, त्याचे कारण हे आहे.

टाकाऊ वस्तू फुकट मिळते, या समजुतीचीही येथेच परीक्षा होते. चिपाड आज टाकाऊ राहिलेले नाही. साखर कारखाने ते जाळून वीज निर्माण करतात आणि विकतात. तूस बॉयलरला जाते. करवंटीच्या कोळशाला परदेशातूनही मागणी आहे. सहा हजार टनांचे नवे गिऱ्हाईक बाजारात उतरले की, काल उकिरड्यावर पडलेल्या वस्तूला आज भाव येतो. चिंचोक्याची पूड तर सुताला खळ म्हणून कापडधंद्यातच पूर्वापार वापरली जाते. फुकट वस्तू ही तोवरच फुकट असते, जोवर तिचा उपयोग कोणाला कळलेला नसतो.

तिरुपूरचा धडा

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच हे तत्त्व मांडले होते की, ज्या खर्चाचा भार उत्पादकावर न पडता समाजावर पडतो, तो कराच्या रूपाने उत्पादकाच्या हिशेबात आणला पाहिजे. आपल्याकडे महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, केला आणि १९७० मध्ये मंडळही स्थापन केले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछरी गावाच्या प्रकरणात प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व मान्य केले. तेथील विहिरी बिघडविणारे रसायन रंगधंद्यालाच लागणारे होते. तेव्हा तत्त्व नाही, कायदा नाही, असे कोणी म्हणू नये.

तिरुपूरचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. तमिळनाडूतील या होजिअरीच्या गावाने नोय्यल नदी इतकी बिघडविली की, सिंचनासाठी बांधलेल्या ओरातुपाळयम धरणात रंगाचे आणि क्षाराचे पाणी साठू लागले आणि ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्या शेतकऱ्यांनीच ते पाणी अडवू नका, अशी मागणी केली. प्रकरण न्यायालयात अनेक वर्षे चालले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुमारे सातशे रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. कामगार घरी बसले, रंगकाम इतर गावांकडे गेले. त्यानंतर राज्य शासनाने बिनव्याजी कर्ज दिले, सामुदायिक शुद्धीकरण केंद्रे सुधारली गेली, आणि पाणी व मीठ दोन्ही परत मिळवून वापरण्याची महागडी यंत्रणा उभी राहिली. तीही निर्दोष नाही. तिला वीज फार लागते आणि शेवटी मिश्र क्षारांचे ढीग उरतातच. तथापि, एक गोष्ट सिद्ध झाली. सर्वांना एकाच दिवशी एकच नियम लागू झाला, म्हणून खर्च दरात उतरला आणि तो ग्राहकाने दिला. पदार्थ कोणता वापरला, यापेक्षा नियमातून पळवाट कोणाला होती, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला.

योग्य जागा कोणती

मग वनस्पतिजन्य पदार्थांना निरोप द्यावा काय? मुळीच नाही. त्यांना त्यांची योग्य जागा द्यावी. शेवग्याच्या पेंडीसारखी द्रव्ये प्राथमिक टप्प्यात तुरटीची आणि इतर क्षारांची गरज कमी करू शकतील. करवंटीचा कोळसा अखेरच्या टप्प्यात, बहुतांश रंग निघून गेल्यावर उरलेला अंश धरण्यासाठी उपयुक्त आहे. हातमागाच्या सुताला रंग देणाऱ्या लहान रंगाऱ्याला कोट्यवधींची यंत्रे परवडणारी नाहीत. त्याच्यासाठी वाळूचा थर आणि कर्दळीसारख्या वनस्पतींची लागवड केलेला पाणथळ वाफा हाच कदाचित शक्य कोटीतील उपाय असेल. मात्र कोणताही एक पदार्थ आरंभापासून अखेरपर्यंत सर्व काही करील, ही अपेक्षा सोडली पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली विद्यापीठांनी. या विषयावरील प्रत्येक संशोधनाने कारखान्याचे खरे सांडपाणी घ्यावे, हजार लिटरचा खर्च सांगावा आणि वापरलेल्या भुकटीचे पुढे काय करायचे, याचे उत्तर द्यावे. ही तीन उत्तरे नसलेल्या संशोधनास पदवी जरूर मिळावी, पण सार्वजनिक पैसा मिळू नये. दुसरी शासनाने. दंड आज पकडले गेल्यावर होतो, म्हणून न पकडले जाण्याची कला वाढीस लागते. त्याऐवजी सोडलेल्या पाण्याच्या आकारमानावर आणि त्यातील क्षारावर नियमित आकार बसवावा, तो राज्यभर सारखा असावा आणि त्याचे उत्पन्न त्याच नदीच्या खोऱ्यात खर्च व्हावे. आकार क्षारावर असला की, कमी मीठ लागणारे रंग आणि कमी पाणी लागणारी यंत्रे कारखानदार आपण होऊन शोधील. शासन गणवेशासाठी आणि रुग्णालयांसाठी जे कापड घेते, ते शुद्धीकरणाचा पुरावा देणाऱ्याकडूनच घ्यावे.

तिसरी गोष्ट सहकाराची. कोल्हापूर जिल्ह्यात साखरही सहकाराने पिकली आणि सूतही सहकाराने कातले गेले. एकाचे चिपाड आणि दुसऱ्याचे सांडपाणी यांची गाठ घालणारी संस्था याच मातीत उभी राहू शकते. परंतु नफ्यासाठी एकत्र येणे आपल्याला जमले. खर्च वाटून घेण्यासाठी एकत्र येणे अजून जमावयाचे आहे. सामुदायिक शुद्धीकरण केंद्रांच्या अपयशाचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसते, सभासदांच्या परस्परांवरील अविश्वासात असते.

स्वस्त कापड आपल्या सर्वांना हवे असते, आणि मर्यादित पगारात घर चालविणाऱ्याने ते मागावे, यात गैर काही नाही. पण त्या स्वस्ताईतील काही भाग शिरोळच्या शेतकऱ्याने आपली जमीन देऊन आणि इचलकरंजीच्या गृहिणीने पाण्यासाठी खोळंबून भरलेला असतो, हे विसरता येणार नाही. शेवग्याच्या बियाने पाणी निवळेल. मात्र मीटरमागचे ते चार आणे कोणी द्यायचे, हा निर्णय कोणतीही वनस्पती आपल्यासाठी घेणार नाही. तो आपल्यालाच घ्यावा लागेल.